शववाहिनीतून तरुणाईचा दौरा

उन्हाळ्याच्या सुट्टीत आयर्लंडभर दौरा काढणार आहे, असं क्लीओना हॅनलीने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा तिच्या वडिलांच्या काट्याला टोचलेला बटाटा तोंडाशी येऊन थांबला.

"कसला दौरा?"

"आमच्या वयाची पोरं गावोगावी चांगली कामं करताहेत, डॅडी. गावाबाहेर कुणाला पत्ता नाही, आणि गावातल्यांना किंमत नाही. मी तिथे जाणार, हॉलमध्ये गाव जमवणार, सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक करणार. त्यांच्यावर छोटी फिल्म काढणार. दौऱ्याचं नाव 'पोरं कामाला लागली'."

आता इथे मॅलकी हॅनलींची अडचण समजून घ्यायला हवी. उभी हयात त्यांनी रॉसकॉमन काउंटीतल्या क्लूनमोरच्या शाळेचं हेडमास्तरपद सांभाळलं. निवृत्तीनंतरही सारं गाव, अगदी चर्चचे फादरसुद्धा, त्यांना मास्तरच म्हणत असे. आणि दर बक्षीससमारंभात मास्तरांचं भाषण एकच असे: हल्लीची पिढी मान खाली घालून मोबाईलमध्ये बुडालेली आहे, तिच्या हातून काही होणे नाही. त्यांचं ते आवडतं भाषण होतं. तीच पिढी कामाला लागली असेल, तर भाषणाचं काय करायचं?

"नाव जरा उथळ वाटतं," ते सावधपणे म्हणाले. "'तरुण पिढी आणि नागरी कर्तव्य: एक प्रादेशिक आढावा' असं ठेव."

"डॅडी, लोकांनी यायला हवं ना!"

मास्तरांची पत्नी अट्रॅक्टा हसता हसता ठसकली. मास्तरांनी बटाटा खाल्ला आणि विषय संपला असं समजले. विषय असा संपत नसतो, हे इतकी वर्षं वर्ग घेऊनही त्यांना कळलेलं नव्हतं.

पहिला खोडा विम्याने घातला. क्लीओनाने विमा कंपनीत फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडची बाई मधासारखी बोलत होती. वीस वर्षांची मुलगी, जुनी व्हॅन आणि दौरा, एवढं ऐकल्यावर ती इतकी गप्प झाली की तिला चक्कर आली असावी असं मास्तरांना वाटलं. शुद्धीवर येऊन तिने जो आकडा सांगितला, त्यात व्हॅन, विमा कंपनी आणि ती बाई, तिन्ही विकत मिळाली असती.

मग मास्तरांनी काउंटी कौन्सिलच्या कचेरीत फोन केला. हॉलसमोर गाडी लावायला परवानगी लागते की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"कार्यक्रम कोणत्या प्रकारात मोडतो?" कचेरीतल्या बाईंनी विचारलं. "मोर्चा, मिरवणूक की जत्रा?"

"यातलं काहीच नाही. कौतुकसोहळा आहे."

"कौतुक आमच्याकडे नाही."

"ते ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "पण लोक एकत्र येतील, टाळ्या वाजवतील, चहा पितील…"

"लोक चालणार आहेत का?"

"हॉलमध्ये येण्यापुरते चालतील की!"

"मग मिरवणूक," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या मिसेस गिलहूली तीर्थाची बाटली घेऊन आल्या आणि बजावून गेल्या, "कुठेही जा, पण डोनेगलला जाऊ नका. माझ्या बहिणीचं सासर तिथलं आहे." टपालवाल्याने सांगितलं की खरं समाजकार्य कॉर्कमध्ये चालतं, तो स्वतः कॉर्कचा होता. खाटकाचं मत पडलं की असल्या दौऱ्याला व्हॅन नको, घोडा हवा. आणि मग एके संध्याकाळी पॅकी मुल्डून आले.

पॅकी मुल्डूनचं रस्त्याच्या तोंडाशी दारूचं दुकान होतं आणि मागच्या अंगणात शवपेट्यांचा कारखाना. पुढच्या दाराने आत गेलेल्या माणसाची मागच्या दाराने बाहेर पडेपर्यंतची सगळी सोय त्या एका छपराखाली होई. त्यांनी नुकतीच नवी शववाहिनी घेतली होती.

"जुनी उभीच आहे, मास्तर," ते म्हणाले. "इंजिन ठणठणीत. काचा मोठ्या, मागे भरपूर जागा. विमाही वर्षअखेरपर्यंत भरलेला आहे. पोरीला दिली, फुकट. विम्याची अट एकच. चालवणारा पन्नाशीपुढचा हवा आणि त्याच्या नावावर एकही अपघात नको."

सगळ्यांच्या नजरा सावकाश मास्तरांकडे वळल्या.

"याच्या नावावर एकही नाही," अट्रॅक्टा म्हणाली. "हा इतका हळू चालवतो की अपघात कंटाळून दुसरीकडे जातात."

"मी? शववाहिनी?" मास्तर उभे राहिले. "पॅकी, अर्धं रॉसकॉमन माझ्या हाताखालून गेलंय!"

"मग काय झालं? त्यातलं बरंचसं माझ्या गाडीतूनही गेलंय."

क्लीओना नुसती बापाकडे बघत राहिली. लहानपणी पावसात भिजलेलं मांजर घरात ठेवायचं असलं की ती अशी बघायची. त्या नजरेपायी हॅनलींच्या घरात आजवर चार मांजरं, एक लंगडी बदकीण आणि एक अकॉर्डियन येऊन राहिलं होतं. मास्तर म्हणाले, "एकच आठवडा हं."

गाडी भरायचं काम उत्साहात झालं. फिल्म दाखवायला क्लीओनाने एक मोठा गुंडाळायचा पडदा आणला होता. तो लांबलचक लाकडी पेटीत असे. ती पेटी गाडीच्या मागच्या रुळांवर घसरवली, तर जणू मापच घेऊन केल्यासारखी बसली. पेटीवर धूळ बसू नये म्हणून अट्रॅक्टाने आपला ठेवणीतला पांढरा, झालरीचा टेबलक्लॉथ पसरला. ज्यांचं कौतुक करायचं त्यांच्यासाठी क्लीओना आणि तिच्या मैत्रिणींनी कागदी फुलांचे मोठाले गुच्छ केले होते. ते चुरगळू नयेत म्हणून पेटीच्या दोन्ही बाजूंना नीट उभे लावले. हा एकूण देखावा कसा दिसतो हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण गाडीच्या दोन्ही अंगांना 'पोरं कामाला लागली' असे झगझगीत पिवळे फलक बांधलेले होते. फलकांच्या गाठी मास्तरांनी स्वतः मारल्या. स्काउटात शिकलेल्या गाठी आहेत, जन्मात सुटायच्या नाहीत, असं त्यांनी पॅकीला दोनदा सांगितलं.

शॅनन नदीचा पूल ओलांडताना वारा आला. डावा फलक नदीत गेला आणि उजवा एका गाईच्या अंगावर. गाठी सुटल्या नव्हत्या, हे मास्तरांनी पुढे अनेकदा आवर्जून सांगितलं. दोरी तुटली होती.

आता रस्त्यावरून एक काळी, लांब, चकचकीत गाडी तेवढी चालली होती. समोरून येणारे लोक कडेला थांबून छातीवर क्रूस करू लागले. एका वळणावर रस्ता दुरुस्त करणारे मजूर फावडी टेकून, टोप्या काढून रांगेत उभे राहिले.

"डॅडी, निदान तू तरी हसू नकोस," क्लीओना म्हणाली.

"मी हसत नाहीये. मी मान देतोय." आणि मास्तरांनी गंभीरपणे मान झुकवली. खरं सांगायचं तर त्यांच्या काना-मानेला घाम फुटला होता.

लेट्रिममधलं ड्रमकीरा हा पहिला मुक्काम. तिथला इगी मॅक्गॉर्न नावाचा पोरगा आणि त्याचे मित्र, गावात आणि आसपासच्या टेकड्यांवर एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज संध्याकाळी सात वाजता फोन करत. काय खाल्लं, गोळी घेतली का, शेगडी पेटली का. कुणी फोन उचलला नाही, तर एकजण सायकल काढून बघून येई. क्लीओनाने याच म्हाताऱ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं. कार्यक्रम संध्याकाळी सातचा.

सात वाजले. खुर्च्या मांडलेल्या, पडदा लावलेला, चहाची किटली उकळतेय आणि हॉलमध्ये चिटपाखरू नाही. इगीची आई तेवढी पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"लोक कुठे आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"घरी," इगी म्हणाला. तो आणि त्याचे मित्र भिंतीपाशी उभे राहून घाईघाईने नंबर फिरवत होते. "सात वाजले ना! फोन येणार म्हणून सगळे घरी बसलेत. आज एक गडी तापाने पडलाय, मास्तर. तुम्ही मिस टिअर्नींना लावता का जरा? त्या चिडतात उशीर झाला की."

मास्तरांच्या हातात फोन आला. पलीकडून खणखणीत आवाज, "इगी, चार मिनिटं उशीर!"

"मी इगी नाही. मी मॅलकी हॅनली. निवृत्त मुख्याध्यापक."

"निवृत्त आहेस तर एवढा उशीर का? काय जेवलास?"

"मी तुम्हाला विचारायचं आहे ते."

"मी आधी विचारलंय."

मास्तर जेवले नव्हते. मिस टिअर्नींनी त्यांना झापलं. मग आपल्या कोंबडीची तब्येत सांगितली, मग पाद्रीबाबांच्या प्रवचनातल्या चुका, मग मेलेल्या भावाचं काहीतरी, जे मास्तर खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिले. शेवटी म्हणाल्या, "बरा आहेस तू. हळू बोलतोस, पण बरा आहेस. उद्या कर." मास्तरांनी फोन ठेवला. मग त्यांनी चष्मा पुसला. हॉलमध्ये धूळ फार होती, असं ते म्हणाले.

पण क्लीओना गाडीत येऊन बसली ती गाल फुगवून.

"पहिलाच कार्यक्रम आणि एक इगीची आई! मी किती शहाणी, त्यांच्या फोनच्या वेळेलाच कार्यक्रम ठेवला. काय कौतुक केलं मी त्यांचं? खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या."

"पुढच्या गावाला येतील लोक," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःला ते खरं वाटत नव्हतं.

रात्री इगीच्या आईने दोघांना ठेवून घेतलं आणि सकाळी ती काळी गाडी गॉलवेच्या दिशेने निघाली. पुढचं गाव किल्टार्ना. तिथल्या मुलींच्या कॅमोगी संघाची गोलरक्षक ब्लॉनिड जन्मापासून बहिरी होती. कॅमोगीत सगळा खेळ वाकड्या काठीचा आणि बेंबीच्या देठापासून मारलेल्या हाकांचा. गोलरक्षकाने ओरडायचं आणि पुढच्यांनी ऐकायचं. ब्लॉनिडला ना हाक मारता येई ना ऐकू येई. दुसऱ्या एखाद्या संघाने गोलरक्षक बदलली असती. या मुलींनी एका हिवाळ्यात सगळ्या मिळून हातांची भाषा शिकून घेतली. संघाची कर्णधार उना हिने क्लीओनाला फोनवर सांगितलं होतं, "दुपारी हॉल उघडाच असेल, चहाही असेल. गाव येईल, काळजी करू नकोस."

त्या सकाळी उनाने आणखी एक निरोप पाठवला होता. पण डोंगरात रेंज नव्हती आणि क्लीओना मान खाली घालून कालच्या फिल्मची काटछाट करण्यात गुंग होती.

किल्टार्नाच्या अलीकडच्या चौकात रस्त्याकडेला बऱ्याच गाड्या उभ्या होत्या. माणसं कुंपणाच्या भिंतीला टेकून गप्पा मारत होती. काळी गाडी वळणावर दिसताच गप्पा थांबल्या, टोप्या निघाल्या, आणि गाडी पुढे जाताच एकामागून एक गाड्या तिच्या मागे लागल्या. पुढच्या फाट्यावर आणखी काही. मग एक ट्रॅक्टर.

मास्तरांनी आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. छाती हळूहळू फुगली.

"क्लीओना! मागे बघ."

तिने मागे पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "एवढी माणसं? आपल्यासाठी?"

"बातमी पसरलीय! सांगत होतो ना मी?"

"पण सगळ्यांनी भरदिवसा दिवे का लावलेत?"

"उत्साह," मास्तर म्हणाले, आणि उत्साहाचा मान राखायला त्यांनी गाडी आणखी हळू केली. एवढी शिस्तबद्ध मिरवणूक त्यांनी शाळेच्या शताब्दीलाही पाहिली नव्हती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी पुढे घुसत नव्हतं. कौन्सिलच्या बाईंना फोन करून सांगावंसं त्यांना वाटून गेलं.

हॉल चर्चला लागूनच होता. गाडी थांबली, मागची वरात थांबली आणि काळे कोट घातलेली शंभरेक माणसं अंगणात उतरून चुपचाप उभी राहिली. एवढा समुदाय आणि समोर उभे मास्तर. भाषण न करणं माणुसकीला धरून झालं नसतं. ते हॉलच्या पायरीवर चढले.

"मित्रहो! इतक्या मोठ्या संख्येने आलात, मन भरून आलं. आज आनंदाचा दिवस आहे!"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"आज आपण जुन्याला निरोप देऊन नव्याचं स्वागत करायला जमलो आहोत. आणि हे सगळं जुळवून आणलं आहे या मुलीने."

जॅको नावाचा एक वाकलेला म्हातारा शेजाऱ्याच्या कानाशी लागला. कानाशी म्हणजे साऱ्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "फिलोमिनाला एवढा आनंद झालाय? आणि ही मुलगी कोण? बार्टलीची की काय?"

तेवढ्यात चार धट्टेकट्टे गडी गाडीच्या मागे गेले, दार उघडलं, 'एक, दोन, तीन' केलं आणि अट्रॅक्टाच्या टेबलक्लॉथसकट पडद्याची पेटी खांद्यावर घेतली.

"अरे! अरे, थांबा!" मास्तर पायरीवरून उतरले.

"किती हलका झालाय," पुढचा गडी गहिवरून म्हणाला.

"आजाराने खाल्ला त्याला," मागचा म्हणाला. "एकेकाळी बैल होता."

पेटी चर्चच्या दाराशी पोहोचली, फादर पाणी शिंपडायला पुढे आले आणि त्याच क्षणी एक चिखलाने माखलेली जीप कर्कशत अंगणात शिरली. तिच्यातून काळी टोपी घातलेली एक बुटकी, भक्कम बाई उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला घरात एकटं टाकून," ती म्हणाली, "तुम्ही इथे कुणाला पुरताय?"

"फिलोमिना?" जॅको म्हणाला. "अगं, बार्टली इथे आहे. आत्ताच उचलला."

"बार्टली बैठकीच्या खोलीत पडलाय, जॅको, आणि तुझ्यापेक्षा जास्त शुद्धीत आहे. शहरातून येणारी शववाहिनी मेंढ्या चुकवताना खड्ड्यात गेलीय. सगळी सकाळ मी दारात उभी आहे. एक माणूस फिरकला नाही. म्हटलं, एवढा का वाईट होता माझा नवरा?"

कुणीतरी टेबलक्लॉथ उचलला. पेटीचं झाकण उघडलं. आतून सिनेमाचा पडदा निघाला.

शंभर जोड डोळे त्यांच्याकडे वळले. हयातभर पोरांना कोपऱ्यात उभं करणाऱ्या मास्तरांना आज स्वतःसाठी एखादा कोपरा हवासा झाला होता, पण अंगण गोल होतं. ते काही बोलणार, एवढ्यात क्लीओना पुढे झाली.

"चूक आमची आहे. माझी आहे." तिच्या फोनवर उनाचा सकाळचा निरोप आत्ता कुठे उघडला होता: आज बार्टलींची अंत्ययात्रा आहे. "मी या गावातल्या मुलींचं कौतुक करायला आले होते आणि तुमच्या दुःखाची जत्रा करून टाकली. आम्ही जातो. डॅडी, चल. घरी जाऊ. दौरा संपला."

फिलोमिना तिच्याकडे बघतच नव्हती. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"चालते का ही?"

"चालते, पण…" मास्तर अडखळले.

"आत काय आहे?"

"कागदी फुलं. पताका. सँडविच."

"सँडविच बाहेर काढा. बाकी राहू दे. चला."

आणि ती पुढच्या सीटवर बसलीसुद्धा. क्लीओना मागच्या आखूड बाकावर अंग चोरून बसली. हॉलपासून फिलोमिना लारकिनच्या शेतातल्या घरापर्यंतचा रस्ता फार लांब नव्हता. पण मास्तरांना तो अटलांटिकपर्यंत गेल्यासारखा वाटला.

"तुमचा नेहमीचा धंदा हाच?" फिलोमिनाने विचारलं.

"नाही हो. मी मास्तर आहे."

"मग हे सोंग कशाला?"

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पोरीचं खूळ, हल्लीची पिढी, वगैरे. बक्षीससमारंभाचं अख्खं भाषण घशापर्यंत आलं होतं. पण बाहेर भलतंच पडलं.

"बाई, ही पोरं कामं करतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. मीही कधी बघितलं नाही. नुसता बोलत आलो. माझी मुलगी मात्र बघते. म्हणून ती जिथे नेईल तिथे मी गाडी नेतो. मग गाडी कसलीही असो."

मागच्या बाकावरच्या क्लीओनाने मान वर केली. मास्तरांनी आरशात बघायचं टाळलं.

"इथे कुणाला बघायला आलात?" फिलोमिनाचा आवाज जरा खाली आला होता.

"ब्लॉनिडला. आणि तिच्या संघाला."

"आमच्या ब्लॉनिडला?" फिलोमिना सीटवर वळून बसली. घराचं फाटक दिसू लागलं तेव्हा म्हणाली, "बार्टली त्यांचं मैदान राखायचा. गवत कापायचा, रेघा मारायचा. म्हातारपणी ठार बहिरा झाला आणि कुढत बसला. मी ओरडायची, तो चिडायचा. मग त्याचं बोलणंच तुटलं. या मुलींनी त्याला कुंपणापाशी बसवून हातांची भाषा शिकवली. त्यांच्यातला सगळ्यात ढ विद्यार्थी तो! 'गोल' म्हणायचं तर 'गाय' म्हणायचा. त्याने घरी येऊन मला शिकवलं." तिने हातरुमाल काढला. "ओरडून ओरडून माझा घसा गेला होता, मास्तर. शेवटची दोन वर्षं आम्ही हातांनी भांडलो. काय सुंदर भांडलो!"

बार्टली लारकिनांची शवपेटी गाडीत सरकवली तेव्हा पताकांची माळ मागच्या दारात अडकली आणि तिचं टोक बाहेर राहिलं. ओढून निघेना. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फिलोमिना म्हणाली, "असू दे. साऱ्या जन्मात पांढऱ्या रेघाच मारल्या त्याने. जाऊ दे जरा रंगीत." आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना कागदी फुलं आणि मागे फडफडत्या लाल-पिवळ्या पताका, अशी ती अंत्ययात्रा निघाली. यावेळी मागून येणाऱ्या गाड्या बरोबर माणसाच्याच मागून येत होत्या.

चर्चच्या दाराशी कॅमोगीच्या मुली काठ्या घेऊन दोन रांगांत उभ्या होत्या. फादरांनी प्रार्थना म्हटली तेव्हा त्यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि ती प्रार्थना सगळ्यांनी मिळून हातांनी म्हटली. पहिल्या बाकावर फिलोमिनाचे हातही हलत होते, जरा चुकत, जरा मागून.

नंतर हॉल उघडला. चहा होता, हॅमची सँडविच होती, क्लीओनाचीही त्यात मिळाली. साऱ्या गावाची तिथे दाटी झाली होती. क्लीओना दारापाशी पडद्याची पेटी आवरत होती, तेवढ्यात फिलोमिनाने चमचा कपावर वाजवला.

"ही मुलगी लांबून आलीय आणि तिला काहीतरी सांगायचंय. माझ्या नवऱ्याच्या आधी तिची मिरवणूक इथे आली होती, तेव्हा तिचा हक्क पहिला. पडदा लाव गं."

"आज? इथे?" क्लीओना कुजबुजली. "बरं दिसेल का?"

"बार्टली आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी पोहोचला होता, तोही पडद्याच्या खोक्यातून. आज काहीही बरं दिसतं."

हसू फुटलं आणि त्या हसण्यात क्लीओनाने पडदा लावला. फिल्म म्हणजे उनाने मोबाईलवर काढून पाठवलेले तुकडे होते. चिखलात लोळणाऱ्या मुली, गोलपाशी काठीने आणि बोटांनी आज्ञा देणारी ब्लॉनिड, आणि कुंपणाशी खुर्ची टाकून बसलेला एक म्हातारा. गोल झाल्यावर तो उठून दोन्ही हातांनी ठासून 'गाय!' म्हणत होता. हॉल हसला आणि हसता हसता रडला. क्लीओनाने ठरवलेलं भाषण केलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "या मुली रोज हे करतात. मला वाटलं, ते तुम्हा सगळ्यांसमोर एकदा कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं."

मग ब्लॉनिड पुढे आली. ती हातांनी बोलत होती आणि उना तिचं बोलणं तोंडाने सांगत होती. "आम्हाला वाटायचं, आम्ही बार्टलींना शिकवतोय. पण मैदानावर उशिरापर्यंत कुणीतरी आपल्यासाठी थांबतं, ही सवय त्यांनी आम्हाला लावली. यंदा रेघा आम्ही मारू. वाकड्या येतील."

मास्तरांनी टाळी वाजवायला हात उचलले. पण आजूबाजूला एकही टाळी वाजली नाही. त्यांनी वळून पाहिलं. सगळ्या गावाने दोन्ही हात डोक्यावर उंच धरले होते आणि पंजे वाऱ्यावरच्या पानांसारखे हलत होते. फादरांचे, पेटी उचलणाऱ्या गड्यांचे, शाळकरी पोरांचे, जॅकोचे थरथरते. ब्लॉनिडला दिसावी म्हणून तिथे टाळी अशीच देत. हॉल भरून निःशब्द टाळ्या. क्लीओनाचे हात वर गेले. मास्तरांचेही गेले आणि बराच वेळ वरच राहिले, कारण खाली आणले असते तर डोळे पुसावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा फिलोमिनाने डबाभर केक दिला आणि मास्तरांना बजावलं, "पुढच्या गावात गेल्यावर आधी चौकशी करा, कुणी मेलंय का."

"डॅडी," गाव मागे पडता पडता क्लीओना म्हणाली, "काल गाडीत तू जे बोललास ते…"

"काय बोललो?"

"काही नाही. ऐकलं मी."

मास्तरांनी घसा खाकरला आणि हवामानाविषयी काहीतरी सांगायला सुरुवात केली. रस्ता मैदानाच्या कडेने जात होता. गोलपाशी ब्लॉनिड एकटीच रेघा मारत होती, खरंच वाकड्या. काळी गाडी दिसताच तिने रेघा मारायचं यंत्र खाली टाकलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि पंजे हलवले.

मॅलकी हॅनलींनी ताबडतोब, पूर्ण मनाने, दोन्ही हात वर केले.

"डॅडी!" क्लीओना किंचाळली. "स्टीअरिंग!"